विहिरीचा आकडा चिपमध्ये कुणी लिहायचा?

(वाशीम जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. मी बोटाच्या पेरापेक्षा लहान अशा एका चिपवर बोलणार आहे. हसू नका. या चिपने माझी मोटर जाळली.

झाले असे. विहिरीवर ऑटो बसवला होता. पाणी संपले की तो मोटर बंद करी आणि अर्ध्या तासाने पुन्हा लावी. माझी विहीर पौषात भरायला चार तास घेते, माघात सात. रात्रीची लाईन, मी घरी झोपलेलो. दर अर्ध्या तासाला मोटर सुरू, दोन मिनिटांत पाणी खलास. रात्रभर हाच खेळ. सकाळी वाइंडिंगचा वास. विकणाऱ्याला म्हटले, बाबा, तो अर्धा तास बदलून दे. तो म्हणाला, ते कंपनीतूनच भरून येते, बदलता येत नाही.

विहीर माझी, मोटर माझी, डब्याचे पैसे माझे. आणि थांबायचे किती, हे ठरवणार दुसराच!

तो अर्धा तास लिहिलेला असतो फर्मवेअरमध्ये. फर्मवेअर म्हणजे चिपला काय करायचे ते सांगणारा प्रोग्राम. माणूस तो अक्षरांत लिहितो, संगणक त्याचे दळण करतो आणि ते पीठ चिपमध्ये भरले जाते. कंपनी आपल्याला फक्त पीठ देते. पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. वर चिपला कुलूप. ते काढता येते, पण काढताना आतले सगळे पुसले जाते. म्हणजे कोरी चिप हाती येते आणि प्रोग्राम आपला आपण लिहावा लागतो.

तो लिहिता येतो. आर्डुइनो नावाचा बोर्ड २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी निघाला. त्याचे नकाशे खुले आहेत. त्याच्या चिपमध्ये बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. वीज आली की आधी तो जागा होतो, वायरीतून नवे फर्मवेअर येते आहे का ते क्षणभर पाहतो. आले तर उतरवून घेतो, नाही तर जुन्याच्या हाती कारभार देतो.

कोऱ्या चिपमध्ये हा बूटलोडर नसतो. मग तो घालायचा कसा? विरजणासारखा, शेजारघरून आणून. एका चालू ऊनो बोर्डावर ‘आर्डुइनो आयएसपी’ हा प्रोग्राम चढवायचा. मग सहा वायरी: पाच व्होल्ट, ग्राउंड, ११, १२, १३ या पिना समोरच्या त्याच क्रमांकांना, आणि १० नंबरची समोरच्या रीसेटला. संगणकात बोर्डाचे नाव निवडून ‘बर्न बूटलोडर’ दाबायचे. नाव चुकवू नका. चिपने कोणत्या घड्याळावर चालायचे तेही याच वेळी ठरते. चुकले तर चिप मुकी होते.

जुन्या नॅनो बोर्डांवर तर हे काम मुद्दाम करावे. वीज कडाडली, प्रोग्राम अडकला, तर चिपमधला वॉचडॉग तिला पुन्हा सुरू करतो. पण त्या जुन्या बूटलोडरला वॉचडॉग आवरता येत नाही. बोर्ड सुरू-बंद, सुरू-बंद करीत बसतो. ऑप्टीबूट नावाचा नवा बूटलोडर यातून बाहेर येतो, आणि जागाही २ किलोबाइटऐवजी अर्धाच घेतो.

दोन गोष्टी गाठीला बांधा. बूटलोडर भरताना चिप पुसली जाते, तेव्हा आपला आकडा आधी वहीत लिहा. आणि स्टार्टरचा मेन पाडल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका. रिले सुटला की मोटर बंदच राहील, अशीच जोडणी ठेवा.

हे खेड्यातल्या पोरांना जमेल का, असे विचारणारे भेटतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. २००२ साली तिथे अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने फॅब लॅब उभी राहिली. पाबळही कोरडवाहूच आहे.

अकोली जहांगीरला १० जून २०१९ रोजी परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बी आपण उघडपणे पेरले. बियाण्यावरचे कुलूप आपल्याला दिसते. डब्यातले दिसत नाही, एवढाच फरक. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०२४ पासून कायदाच लागू झाला: शेतीयंत्र दुरुस्त करायला लागणारी माहिती, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर कंपनीने शेतकऱ्याला दिले पाहिजे. आपल्या केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. समित्या नेमण्यात आपण कधी मागे नव्हतो.

तेव्हा जेवणानंतर मागच्या खोलीत या. दोन बोर्ड, सहा वायरी आणि एक संगणक मांडून ठेवला आहे. कारंजा-मानोऱ्याकडच्यांनी आधी यावे, त्यांची गाडी लवकर आहे. येताना आपापल्या विहिरीचे पाणी किती वेळ चालते आणि पुन्हा भरायला किती तास लागतात, तेवढे सांगा.