वेळ कुणाचा, नाव कुणाचं?

(लातूर येथे घरगुती व्यवसाय करणाऱ्या बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

'इंटरनेटवरून गिऱ्हाईक कसं मिळवावं' यावर बोला, असं मला सांगितलंय. बोलते. पण आधी माझा धंदा काय ते सांगते, कारण तो माझ्या आईलाही अजून नीट कळलेला नाही. शेजारणीने विचारलं की ती म्हणते, "आमची पोरगी बायकांना वेळापत्रक करून देते." पाटीवर 'प्रॉडक्टिव्हिटी कोच' असं भारदस्त नाव लिहिलं, तरी आईचंच बरोबर आहे.

मी नांदेडची. काही वर्षं इथे लातुरात एका क्लासच्या ऑफिसात होते. 'लातूर पॅटर्न' तुम्हाला मी काय सांगावा! पहाटेपासून रात्रीपर्यंत पोरांचा तास न् तास आखलेला. ती वेळापत्रकं छापायचं काम माझ्याकडे होतं. पण पोरांबरोबर गावाकडून येऊन खोली करून राहणाऱ्या आया असतात ना, त्यांचं वेळापत्रक कुणीच छापत नाही. डबा, धुणं, गावाकडच्या म्हाताऱ्यांची फोनवरून काळजी, आणि जमलं तर शिलाईची चार कामं. त्यांच्याशी बोलता बोलता माझं काम सुरू झालं. पुढे नांदेडला परतले. तिथे ओळखीच्या बायका लवकरच संपल्या, म्हणून मोबाईलवर पान उघडलं.

पहिली चूक तिथेच केली. पानाला नाव दिलं सासरच्या आडनावाचं. फोटो उगवत्या सूर्याचा, कारण सासूबाई म्हणाल्या, "तोंड कशाला दाखवायचं चारचौघांत?" नंबर ह्यांचा. पैसेही ह्यांच्याच खात्यात. बाईचा फोन आला की हे म्हणायचे, "संध्याकाळी सांगतो." कोणती बाई संध्याकाळपर्यंत थांबेल? त्यातून अनोळखी पुरुषाचा आवाज ऐकून निम्म्या जणी फोनच ठेवून द्यायच्या. सहा महिन्यांनी हिशोब करायला बसले, तर कमाई ह्यांची आणि राबणारी मी. हे वाईट नाहीत हो. पण कागदावर मी कुठेच नव्हते.

मग स्वतःचं सिमकार्ड घेतलं. स्वतःचं बचत खातं त्याला जोडलं. 'उद्यम' नोंदणी केली. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. मी मात्र ती करून देणाऱ्याला दीड हजार मोजले, तेवढे तुम्ही वाचवा. पानावर माझं नाव आणि माझा फोटो टाकला. साधाच, दारातला. त्या महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे विचारणारे फोन आले. बाईला बाईशीच बोलायचं असतं, आणि ती दिसली की धीर येतो.

पण दिसणं म्हणजे सगळंच उघड करणं नव्हे. गुगलच्या नकाशावर धंद्याची नोंद फुकट होते. घरी काम करत असाल तर तिथे घराचा पत्ता लपवता येतो. फक्त कोणत्या भागात सेवा देता ते लिहायचं. मला हे उशिरा कळलं. व्हॉट्सॲपच्या धंद्यासाठीच्या ॲपमध्ये कामाची वेळ लिहिता येते आणि त्या वेळेबाहेर आपोआप उत्तर जातं. रात्री अकराला 'हाय डिअर' पाठवणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. मजकुराचा फोटो काढून ठेवते आणि मग त्यांना बंद करते. बाईच्या मागे मागे राहणं, नको म्हटलं तरी संपर्क करत राहणं, तिच्या इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात येतो. पुरावा पुसू नका, एवढंच सांगते.

आता खरी गोष्ट. तिथे सांगायचं काय?

मोठ्या शहरातल्या कोचांचं पाहून मी पहिला व्हिडिओ केला : 'यशस्वी व्हायचंय? पहाटे पाचला उठा!' खाली एका खानावळवाल्या बाईने लिहिलं, "ताई, मी साडेचारलाच उठते. आनि किती लवकर उठू?"

मला मान खाली घालावी लागली. सरकारनेच २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो. पुरुषांचा जातो ८८ मिनिटं. तोही १०० पुरुषांतले जेमतेम २७ जण त्या कामाला हात लावतात, त्यांचा. आणि मी बायकांना सांगत होते, वेळ वाया घालवू नका! आपलं लातूर आठवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने इथे पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत गेलेले तास कोणत्या वहीत लिहिले? ते बायकांच्या आळसात गेले का?

म्हणून मी काम बदललं. आता माझ्याकडे येणारी बाई पहिला आठवडा काहीच सुधारत नाही. फक्त लिहिते : कोणता तास कुणासाठी गेला. घरातल्या सगळ्यांचं लिहिते. मग वही घरात वाचून दाखवायची की नाही, ते तिचं ती ठरवते. पानावरही मी हेच सांगते. 'दहा दिवसांत आयुष्य बदला' म्हणत होते तेव्हा बघणारे जास्त होते. आता कमी आहेत, पण येणाऱ्या टिकतात.

एक गोष्ट सांगायला जड जाते, पण ती सांगितल्याशिवाय हे भाषण खरं होणार नाही. माझ्याकडच्या एका बाईने नवऱ्याशी बोलून घरची कामं वाटून घेतली. मी खूश झाले. तिचा फोटो आणि हकीकत पानावर टाकली. विचारलं होतं, ती हसून 'टाका' म्हणाली होती. आठ दिवसांत ते तिच्या सासरच्या ग्रुपवर फिरलं. 'आमच्या पोराला भांडी घासायला लावते' म्हणून तिचा फोनच काढून घेतला. मी ते लगेच काढलं, पण उशीर झाला होता. तिचा नंबर आजही लागत नाही.

ती 'टाका' म्हणाली तेव्हा हे कुठवर जाईल हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. इथल्या चौकाचौकांत यशस्वी पोरांचे फोटो लावलेले फलक आपण पाहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासेसना बजावलं, की निवड झाल्यानंतर लेखी संमती घेतल्याशिवाय मुलांची नावं, फोटो वापरायचे नाहीत आणि यशाची खोटी हमी द्यायची नाही. मी काही क्लास चालवत नाही. पण हा नियम मी स्वतःला लावून घेतलाय, आणि एक पाऊल पुढे : संमती असली तरी चेहरा नाही, गाव नाही. गिऱ्हाईक कमी आलं तरी चालेल.

आणि फी. पहिलं वर्ष मी फुकट केलं, कारण पैसे मागायची लाज वाटायची. आता आकडा पानावरच लिहिते, म्हणजे घासाघीस होत नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी दोन जागा बिनपैशाच्या ठेवते. पण ते मी ठरवते, समोरची गृहीत धरत नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर पान नंतर उघडा. आधी दोन गोष्टी तपासा : तुमच्या धंद्याचा नंबर कुणाच्या नावावर आहे, आणि पैसे कुणाच्या खात्यात पडतात. ते तुमचं झालं की बाकीचं शिकायला महिनाभर पुरतो. ते तुमचं नसेल, तर हजारो लोकांनी पाहिलं तरी ते तुम्हाला पाहिलं असं होत नाही.

एवढं बोलून थांबते. काही विचारायचं असेल तर विचारा. माझी कामाची वेळ अजून संपलेली नाही!