पेरलेलं बी मागे घेता येत नाही

शोध आधी तपासायचा की आधी जाहीर करायचा? आपल्या अमरावती-अकोल्याकडं हा प्रश्न कपाशीपाशी येतो.

'बिकानेरी नरमा' हे सरकारी संस्थांचं बीटी वाण. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था त्यात पुढे होती. सरळ वाण, म्हणजे घरचं बी पुन्हा पेरता येणार! 2009 मध्ये ते बाजारात आलं आणि पहिल्याच हंगामानंतर थांबवावं लागलं. नंतर चौकशीत निघालं, त्यात मोन्सॅन्टोच्या बीटी जनुकाची भेसळ होती. ही तपासणी विक्रीच्या आधी व्हायला हवी होती.

काही जण म्हणतात, तपासत बसलो तर वर्षं जातील. खरंय. शोधनिबंध छापा ना, दुसरे त्यातल्या चुका काढतील. तो मागेही घेता येतो. पण मृग गेला की कोरडवाहूवाल्याचा हंगाम गेला.

अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासह राज्यातली चारही कृषी विद्यापीठं एकत्र बसून नव्या शिफारशी तपासतात, ते याचसाठी.

तेव्हा दुकानात कोणी 'नवीन संशोधन' म्हटलं की विचारा: भाऊ, किती हंगाम पाहिलं? कोणत्या जमिनीत? आणि बनवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी तपासलं का?