कान देऊन परत मिळवलेलं संगीत

गटाची हिशोबाची वही आपण किती जपतो! आज गोष्ट सांगणार आहे ती अशाच एका वहीची. फक्त त्या वहीत पैशांचा हिशोब नव्हता, सूर लिहिलेले होते. गोष्ट आहे इंग्लंडची.

तिथे ‘डीप पर्पल’ नावाचा पाच जणांचा रॉक बँड होता. विजेवरची गिटार, मोठमोठे ड्रम, कानठळ्या बसवणारा आवाज. त्यात ऑर्गन वाजवणारे जॉन लॉर्ड लहानपणापासून शास्त्रीय पियानो शिकलेले. त्या काळात काही बँड रॉकमध्ये शास्त्रीय संगीत मिसळून लांबलचक रचना करू लागले होते. त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. लॉर्ड यांच्या मनात आलं, आपला बँड आणि मोठा ऑर्केस्ट्रा एकत्र वाजले तर?

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याला गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. हा ऑर्केस्ट्रा वेगळा. व्हायोलिन, बासरी, तुताऱ्या, नगारे अशी कितीतरी वाद्यं असतात. प्रत्येकाच्या पुढ्यात त्याने काय वाजवायचं त्याचा कागद असतो. सगळ्यांचे सूर एकत्र लिहिलेली मोठी वही असते ती समोर उभ्या असलेल्या संचालकाजवळ.

लॉर्ड यांनी अशी तीन भागांची रचना लिहिली. पहिल्या भागात बँड आणि ऑर्केस्ट्रा जणू भांडतात, एकमेकांचं बोलणं तोडतात. दुसऱ्या भागात जरा निवांतपणा येतो, गाणंही येतं. तिसऱ्यात दोघं मिळून वाजवतात.

खरं भांडण तालमीतच झालं. ऑर्केस्ट्रातल्या काही वादकांना या केसाळ पोरांबरोबर वाजवणं कमीपणाचं वाटत होतं. संचालक होते माल्कम अर्नॉल्ड. ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या चित्रपटाच्या संगीतासाठी ऑस्कर मिळालेला हा माणूस. त्यांनी बँडची बाजू घेतली आणि आपल्या वादकांना चांगलं खडसावलं. मोठ्या माणसाने अशा वेळी कुणाच्या बाजूने उभं राहायचं, हे बघण्यासारखं आहे.

24 सप्टेंबर 1969 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम झाला. सोबतीला रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा होता. सगळं लोकांसमोर वाजत असतानाच ध्वनिमुद्रण झालं आणि त्याची तबकडी निघाली. चित्रीकरणही झालं. 1970 मध्ये अमेरिकेत हीच रचना आणखी एकदा वाजली.

आणि मग ती सुरांची वही हरवली! लिहिलेले कागदच नाहीत म्हटल्यावर ऑर्केस्ट्रा वाजवणार काय? पुढची जवळजवळ तीस वर्षं ही रचना फक्त तबकडीवर राहिली.

मार्को द गूय नावाच्या एका तरुण डच संगीतकाराने मात्र हे काम अंगावर घेतलं. तबकडी लावायची, चित्रीकरण बघायचं, कुठल्या वाद्याने कुठला सूर वाजवला ते ओळखायचं आणि कागदावर उतरवायचं. विचार करा, इतकी वाद्यं एकदम वाजत असताना त्यातलं एकेक वेगळं काढायचं! एकदा ऐकायचं, परत मागे जायचं, परत ऐकायचं. त्याने केलेलं हे काम लॉर्ड यांच्या हाती आलं. जे कानाला नीट लागत नव्हतं, ते लॉर्ड आणि संचालक पॉल मान यांनी दुरुस्त केलं, भरून काढलं.

1999 च्या सप्टेंबरमध्ये, 25 आणि 26 तारखेला, त्याच हॉलमध्ये ही रचना पुन्हा वाजली. या वेळी सोबत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा होता. बँडमधला गिटारवादक बदलला होता, बाकी चौघे तेच होते. त्याही कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण निघालं. जॉन लॉर्ड 2012 मध्ये वारले, पण आता ती रचना लिहिलेलीही आहे आणि ऐकायलाही आहे.

मैत्रिणींनो, त्यांची वही हरवली, पण आवाज राहिला म्हणून रचना परत मिळाली. आपल्याकडच्या ओव्यांना, पाळण्यांना बहुतेक घरांत वहीच नव्हती. ज्या आजीला येतात, तिच्या गळ्यातच त्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून तेवढ्या तरी राहिल्या.

तेव्हा एक काम करूया. गटात एकीकडे तरी मोबाईल असतोच. आजीला, मावशीला आधी विचारा, त्यांची हरकत नसेल तरच रेकॉर्ड करा. पंखा, टीव्ही बंद ठेवा. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव, तारीख बोलून घ्या. मग गाऊ द्या, मध्ये थांबवू नका. झाल्यावर दुसऱ्या मोबाईलवरही एक प्रत ठेवा आणि शब्द वहीत उतरवून काढा. पुढच्या बैठकीला एकेकीने एक गाणं आणायचं, एवढं ठरवलंत तरी पुष्कळ झालं.