पुण्याला न पोचलेली फौज

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात एका सभासदाने केलेले भाषण, थोडे संपादित करून.)



मला वीस मिनिटे दिली आहेत. मागे भज्यांचा घाणा सुरू झाल्याचा वास येतोय, त्यामुळे त्याहून जास्त वेळ घ्यायची माझी हिंमत नाही. बोलणे झाल्यावर हे टेबल सगळ्यांनी जवळून बघा. बघा म्हणजे डोळ्यांनी. हे बच्चेकंपनीला सांगतोय, आणि त्यांच्या बाबांनाही.

टेबलावर ८४ सांगाडे आहेत, १२ बैल आहेत, एक तोफ आहे आणि एक झाड. सकाळी इथेच सत्यनारायण झाला. त्याच हॉलमध्ये भुतांची फौज मांडायची का, यावर कमिटीत चर्चा झाली म्हणे. पूजा आणि आरती आधी, भुते मागून, असा निर्णय झाला. तो मला मान्य आहे. भुते तशीही संध्याकाळीच यायची असतात.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो. सैनिकांच्या छोट्या आकृत्या असतात, साधारण २८ मिलिमीटर उंचीच्या, म्हणजे अंगठ्याच्या एका पेराएवढ्या. त्या रंगवायच्या, टेबलावर रांगांत मांडायच्या आणि दोघांनी लढाई खेळायची. कोण किती इंच चालेल ते टेपने मोजायचे, वार लागला की नाही ते फाशांवर ठरवायचे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली अशा खेळाच्या नियमांचे एक पुस्तकच लिहिले होते. पुढे १९८३ मध्ये इंग्लंडात ‘वॉरहॅमर’ नावाचा खेळ आला आणि त्यात माणसांबरोबर राक्षस, बुटके, मेलेल्यांच्या फौजा असे सगळे घुसले. त्यातली मेलेल्यांची फौज मला आवडते. तिचे नियमच वेगळे. ती हळू चालते. घाबरून कधी पळत नाही, कारण मेलेल्याला कसली भीती? पण तिचा सेनापती पडला, की सगळी फौज ढासळायला लागते.

हे फार परदेशी वाटून घेऊ नका. दिवाळीत आपल्या पार्किंगमध्ये मुले किल्ला करतात. दगडविटा रचायच्या, गोणपाट टाकायचे, वर चिखल लिंपायचा, हळीव पेरायचे, आणि बाजारातून आणलेले मावळे जागोजागी उभे करायचे. महाराज सिंहासनावर. दरवाजापेक्षा मावळा उंच असतो, तरी कुणाची तक्रार नसते. आमचा छंद तोच आहे, फक्त आम्ही दिवाळी संपली तरी थांबत नाही.

आता माझ्या फौजेकडे येतो. बाजारात मिळणारे सांगाडे युरोपातल्या जुन्या सरदारांसारखे असतात, ढाल-तलवारवाले. ते जसेच्या तसे रंगवायचे म्हणजे दुसऱ्याच्या गावची भुते पोसण्यासारखे आहे. आपल्याकडे भूत कोण होते? ज्याची इच्छा अपुरी राहिली तो. मुंजा झाडावर का बसतो? सोडमुंज व्हायच्या आत गेला म्हणून. म्हणजे भुतांची फौज करायची तर प्रश्न असा, की आपल्या भागात कुठल्या फौजेची इच्छा अपुरी राहिली?

उत्तर आपल्या दारातूनच गेले आहे. १७७८ साल. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायचे म्हणून मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून वर आली. सुमारे ३,९०० माणसे, त्यांतले गोरे सहाशेच्या आसपास, बाकी बहुतेक आपल्याच मुलखातले शिपाई. आणि तोफा, दारूगोळा, सामान ओढायला १९,००० बैल. खंडाळ्याहून ही फौज डिसेंबरच्या उत्तरार्धात निघाली. आता आपली लोकल डोळ्यांसमोर आणा: लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव. पाऊण तास. त्यांना तळेगावला पोचायला ९ जानेवारी उजाडली, दोन आठवड्यांहून जास्त. मेलेल्यांची फौज हळू चालते म्हटले ना, ही तर जिवंतपणीच तशी चालत होती. शुक्रवारी संध्याकाळी एक्सप्रेसवेवर अडकलेल्यांना त्यांचे दुःख कळेल.

वाटेत मराठ्यांची घोडदळे दोन्ही बाजूंनी सतावत होती. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट पडला. झाडावर चढून टेहळणी करत होता आणि तोफेचा गोळा लागला, असे सांगतात. हाच आपला इष्टुर फाकडा. फाकडा म्हणजे धाडसी, रुबाबदार. मानाजी शिंद्यांना पेशवाईत फाकडे म्हणत, तोच मान शत्रूच्या कॅप्टनला मराठ्यांनी दिला. वडगावला पोलीस ठाण्याच्या आवारात त्याचे स्मारक आहे.

तळेगावला पोचून बघतात तर गाव जाळलेले, दाणागोटा नाही. मराठ्यांनी आपलाच मुलूख उजाड केला होता, म्हणजे शत्रूच्या बैलाला काडी आणि शिपायाला घास मिळू नये. ११ जानेवारीला रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामान जाळले आणि मागे फिरले. दुसऱ्या दिवशी वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजांनी त्यांना घेरले. १६ जानेवारीला वडगावचा तह झाला. उरलेली फौज मुंबईला परत गेली. जी उरली नाही, ती या टेबलावर आहे. पुणे एवढ्या जवळ आलेले, आणि दिसलेसुद्धा नाही.

बघा, खेळाचा नियम आणि इतिहास कसे जुळतात. फाकडा ४ तारखेला पडला आणि ११ तारखेला फौज मागे फिरली. खरे कारण पोटाचे होते, हे इतिहास वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. पण टेबलावर फाकडा हाच माझा सेनापती आहे, आणि तो पडला की माझी फौज ढासळते.

आता हे केले कसे? सांगाड्याचे हात, पाय, कवट्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेल्या सुट्या येतात. कटरने सोडवायच्या, कानसीने घासायच्या. ढाल काढून टाकायची. भाल्याचे पाते कापले की दांड्याची बंदुकीची नळी होते, आणि टोकाला टाचणी लावली की संगीन. बाकी सगळे एम-सीलचे. होय, नळ गळला की प्लंबर लावतो तेच. दोन्ही गोळे सारखे घ्यायचे, कणीक मळतो तसे मळायचे, आणि बोट पाण्यात बुडवून काम करायचे म्हणजे चिकटत नाही. सुकायच्या आत आकार द्यायचा. शिपायाचे पागोटे करायला शेवईसारखी वळी वळून कवटीभोवती गुंडाळायची. गोऱ्या अंमलदाराची तीन कोनांची टोपी करायला छोटी पारी लाटायची आणि तीन बाजूंनी उचलायची. ही युक्ती आमच्या सौंनी करंज्या करताना दाखवली, तेव्हा श्रेय त्यांचे.

बैल बाजारातल्या प्लॅस्टिकच्या जनावरांच्या पाकिटातले आहेत. पोटे कोरून काढली आणि फासळ्या खराट्याच्या काड्यांच्या लावल्या. १९,००० बैलांसाठी टेबल लहान पडले म्हणून १२ केले. तोफेची नळी जुन्या बॉलपेनची आहे. ती तळ्यातून बाहेर ओढून काढतायत असे दाखवले आहे, म्हणून तिच्यावर शेवाळ लोंबतेय. शेवाळ म्हणजे हिरवा रंग, फेविकॉल आणि वाळवलेला चहाचा चोथा. झाडाचा सांगाडा विजेच्या जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारांना पीळ देऊन केला, वर पुन्हा एम-सील. फांदीवर दुर्बीण घेऊन बसलाय तो फाकडा.

रंगाचे काम मात्र लोणावळ्यात कठीण. इथे वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. हवेत ओल असताना प्रायमरचा स्प्रे मारला तर तो आकृतीवर पिठासारखा बसतो, आणि कवटीला नायटा झाल्यासारखे दिसते. म्हणून जून ते सप्टेंबर कापायचे आणि जोडायचे काम, स्प्रे दसऱ्यानंतर. आधी सगळे गडद तपकिरी. मग ब्रशला हस्तिदंती रंग लावून तो फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि हाडांवरून हलकेच फिरवायचा. उंचवट्यांवर रंग बसतो, खाचांत तपकिरी राहतो. वरून पातळ तपकिरी पाणी सोडायचे. कोटाचा तांबडा रंग भडक नको. त्यात तपकिरी मिसळून तो घाटातल्या धुळीत मळल्यासारखा करायचा. लोखंडावरचा गंज भांडी घासायच्या स्पंजच्या तुकड्याने टिपायचा. एका आकृतीला दोन-तीन संध्याकाळी लागतात.

आणि हाडे रंगवता रंगवता एक गोष्ट हाताला कळते. गोरा कॅप्टन असो की कोकणातून भरती झालेला शिपाई, दोघांना तीच बाटली, तोच हस्तिदंती रंग. कोट आणि टोपी चढवेपर्यंत कोण कुठला ते सांगता येत नाही.

मुलांनी मला विचारले, “काका, यात मावळे का नाहीत?” समोरच्या बाजूला मराठ्यांचे घोडदळ आहे, पण ते जिवंत आहे. लढाईत मेलेल्या वीराचे काय होते ते आपल्या गावोगावच्या वीरगळांवर कोरलेले आहे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो. गावासाठी मेला तो वर गेला, त्याचे भूत होत नाही. मुलांना हे पटले.

पण बी विंगमधल्या निवृत्त सुभेदार काकांना पटले नाही. ते एक दिवस घरी चहाला आले, चष्मा लावून एकेक सांगाडा बघितला आणि म्हणाले, “अहो, फाकड्याला स्मारक आहे. वडगावला विजयस्तंभ आहे. या पागोटेवाल्यांना काय आहे? पगारावर आलेली पोरं. राघोबा कोण, गादी कुणाची, त्यांना काय करायचं होतं? त्यांची इच्छा पुण्याला जायची नव्हती हो. घरी जायची होती.”

मी थोडा वेळ गप्प बसलो. फौजेचे नाव मी ‘पुण्याला न पोचलेली फौज’ ठेवले होते. नाव तेच राहिले आहे, आणि अंमलदारांना ते लागूही पडते. पण काकांच्या बोलण्यानंतर एक आकृती नवी केली. टेबलाच्या मागच्या कडेला, बैलांच्याही मागे बघा. एक शिपाई बसलाय. बंदूक नाही. पागोटे सोडून मांडीवर ठेवलेय, शेजारी एक गाठोडे आहे. सगळी फौज पुण्याकडे तोंड करून उभी आहे आणि हा घाटाकडे बघतोय. गाठोडे काकांनी स्वतः वळले. त्यांची बोटे आता थोडी कापतात, पण गाठ मात्र बरोबर बसलीये. काका म्हणाले, लष्करी गाठ अशीच असते.

खेळात या आकृतीला काहीही नियम नाही. ती चालत नाही, लढत नाही, तिचे गुण मोजत नाहीत. समोरच्याने तिच्यावर फासा टाकायचा नाही, एवढाच आमचा घरचा नियम. सर्वपित्रीला आपण नाव-गोत्र माहीत नसलेल्यांच्या नावानेही पाणी सोडतो, त्यातलाच हा प्रकार समजा.

हे सगळे इथे का सांगितले? आपल्या इमारतींना २५ वर्षे झाली, पण त्या ज्या रस्त्याला लागून आहेत तो रस्ता फार जुना आहे. आपली मुले मळवलीला उतरून लेण्यांना जातात, वडगावला कोर्टाच्या कामाला आपण जातो. तिथे काय झाले ते त्यांना माहीत असावे, आणि जिंकणाऱ्यांबरोबर इतरही कोण कोण होते तेही. पुस्तकातून मुले कंटाळतात. पण ज्या पोराने बैलाच्या फासळीला काडी चिकटवली, तो १९,००० बैल हा आकडा जन्मात विसरणार नाही.

शेवटी कामाचे. दर रविवारी दहा ते बारा मी इथे हॉलमध्ये असेन. ज्यांना शिकायचे त्यांनी एक शून्य नंबरचा ब्रश आणि एक जुना टूथब्रश आणावा, रंग मी देईन. कटर दहा वर्षांखालच्या मुलांच्या हातात मिळणार नाही, आयांनी निश्चिंत राहावे. ज्येष्ठांना विशेष आमंत्रण आहे. सुभेदार काकांनी वीस मराठे घोडेस्वार करायचे कबूल केले आहे, आणि त्यांना मदतनीस हवे आहेत.

जेवणानंतर इथेच वडगावची लढाई खेळू. मराठ्यांकडून सी विंगच्या दोन मुली खेळणार आहेत आणि त्या गेल्या तीन वेळा जिंकल्या आहेत. बटाटाभजी संपायच्या आत थांबतो.