कर्ज फेडणाऱ्या घराचा हिशेब

(छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आठवडी बाजाराच्या दिवशी शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



बाजाराचा दिवस आहे, कोणास बी-भरण घ्यावयाचे आहे, कोणास शेळी विकावयाची आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून प्रस्तावना करीत नाही. कर्ज का झाले, असे तुम्हांस दरडावून विचारावयास आम्ही येथे उभे नाही. पाऊस ओढ देतो, बोंडअळी पडते, कापूस घरात असेपर्यंत भाव येत नाही, आणि त्यातच घरात एखादे दुखणे निघते. ज्याच्या घरी दोन वेळची भाकर धड नाही, त्यास काटकसरीचे पाठ देणारे शहाणे पुष्कळ आहेत; त्यांत आमची गणना करू नका. आम्ही बोलणार आहोत ते अशा घरांविषयी, की ज्यांत थोडीबहुत मिळकत येते, दरसाल सावकारास पैसेही जातात, आणि तरी कर्ज जागचे हलत नाही.

ही गोष्ट आजची नव्हे. गोदावरी ओलांडली की पलीकडे अहमदनगर जिल्हा, आता ज्यास अहिल्यानगर म्हणतात. त्या जिल्ह्यात आणि पुणे जिल्ह्यात १८७५ साली कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. आरंभ १२ मे रोजी सुपे गावच्या बाजारात झाला. लोकांनी माणसे मारली नाहीत म्हटले तरी चालेल. त्यांनी मागितले ते कर्जरोखे, आणि ते जाळले. का जाळले? त्याच्या दहा वर्षे आधी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते (१८६१ ते १८६५). तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि सावकार दारात येऊन पैसे देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज मात्र राहिले. पुढे १९२५ साली पंजाबात माल्कम डार्लिंग नावाच्या अधिकाऱ्याने एक मोठे पुस्तक लिहून हेच दाखविले, की शेतकऱ्याचे कर्ज केवळ दुष्काळात वाढते असे नाही. बरकतीच्या काळातही वाढते, कारण तेव्हा पत वाढते आणि देणारे पुष्कळ मिळतात. आज मोटारसायकलीपासून मोबाइलपर्यंत सर्व वस्तू हप्त्यावर दारात येतात, त्या वेळी हे ध्यानात असू द्यावे.

त्या दंग्याची चौकशी करण्यास सरकारने एक कमिशन नेमले. तेव्हाही सर्व शहाण्यांचे म्हणणे एकच होते, की कुणबी लग्नांत पैसा उधळतो म्हणून बुडतो. कमिशनने हिशेब पाहिले आणि उलट मत दिले. लग्नाच्या खर्चाचा बोभाटा प्रमाणाबाहेर झाला आहे. खाण्याचे दाणे, बी, बैल, सरकारसारा अशा वारंवार होणाऱ्या लहान लहान उचलीच कर्ज जास्त फुगवितात, असे त्या कमिशनचे म्हणणे पडले. आम्हांस हे मत फार मोलाचे वाटते. लग्नात डीजे व मंडप यांवर कर्ज काढणाऱ्यांची आम्ही तरफदारी करीत नाही. सत्यशोधक मंडळींनी १८७३ सालीच भटावाचून, थोडक्या खर्चात लग्न लावून दाखविले. ती वाट अजून मोकळी आहे. परंतु लग्न घरात पाच-दहा वर्षांतून एकदा होते. दुकानाची उधारी दर आठवड्यास होते, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही.

आता हिशेब पाहू. एक घर धरा. चार एकर कोरडवाहू, कापूस व मका. सावकाराचे चाळीस हजार देणे, व्याज दरमहा शेकडा तीन. ‘तीन रुपये’ म्हटले की कानाला किती लहान वाटते! पण हे तीन रुपये महिन्याचे आहेत, वर्षाचे छत्तीस झाले. म्हणजे चाळीस हजारांवर दरमहा १२०० रुपये, वर्षाचे १४,४०० रुपये नुसते व्याज. तीन वर्षे हे घर इमानाने व्याज भरते, ४३,२०० रुपये देते, मुद्दलाहून अधिक देते, आणि चौथ्या वर्षी देणे किती? चाळीस हजार.

ह्या घराने दरमहा १३०० रुपये दिले असे समजा. तर कर्ज फिटावयास सात वर्षे आणि वर तीन महिने लागतात, आणि एकंदर सुमारे एक लाख तेरा हजार रुपये जातात. त्याच घराने दरमहा २२०० दिले, तर सत्तावीस महिन्यांत सुटका होते आणि एकूण एकोणसाठ हजारांच्या आत भागते. दोहोंत महिन्यास फरक नऊशे रुपयांचा. नऊशे म्हणजे दिवसाचे तीस. आम्ही पुन्हा सांगतो, दिवसाचे तीस रुपये. एवढ्यावर पाच वर्षे आणि चोपन्न हजार रुपये अडकले आहेत.

हे तीस रुपये कोठून काढावे? प्रथम कोठून काढू नयेत ते सांगतो. घरात टंचाई आली की पहिली कात्री पोरांच्या दुधावर, पोरीच्या शाळेवर आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटावर चालते. असली बचत आम्ही बचत मानीत नाही. ती पुढे दवाखान्यात दुप्पट होऊन बाहेर पडते. कात्री चालवावी ती गुटख्याच्या पुडीवर, जी २०१२ पासून राज्यात बंद आहे म्हणे, पण प्रत्येक टपरीवर मिळते. काम नसता तालुक्यास मारलेल्या फेरीच्या पेट्रोलवर चालवावी. हॉटेलातल्या त्या चहावर चालवावी, जो आपण पितो एक आणि पाजतो पाच.

परंतु खरी गळती कृषी केंद्राच्या उधारीत आहे. खत, औषध, बियाणे यांचा रोखीचा भाव निराळा आणि उधारीचा निराळा. शिवाय ज्याची उधारी, पुष्कळदा त्याच्याच काट्यावर माल घालावा लागतो, आणि मग भाव तो सांगेल तो. म्हणून कापसाचे पैसे दिवाळी-संक्रांतीच्या सुमारास हाती आले की, त्याच दिवशी पुढच्या हंगामाच्या बियाण्याचे व पहिल्या खताचे पैसे बाजूस काढावे व घरच्या बाईच्या नावे खात्यात टाकावे. जूनमध्ये ज्याच्याजवळ रोख आहे तो अर्धा सावकारमुक्त झालाच. पाच घरांनी मिळून खत रोखीने उचलले तर आणखी बरे.

कोणते कर्ज आधी फेडावे, हा प्रश्न आम्हांस नेहमी विचारतात. जो जास्त तगादा करतो त्यास आधी देण्याची आपली रीत आहे. ती चुकीची आहे. बँकेचे किंवा सोसायटीचे पीककर्ज मुदतीत भरावे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर भरणाऱ्यास व्याज पडू नये, अशी राज्याची सवलत २०२१ पासून आहे. मुदत चुकली की सवलत गेली आणि पुढील वर्षी दारही बंद. त्यानंतर हाती उरेल ते सर्व, ज्याचे व्याज सर्वांत जड त्याच्या मुद्दलात घालावे. ‘नवे-जुने’ करण्यासाठी आठ दिवसांकरिता म्हणून सावकाराकडून पैसे काढतात, आणि ते आठ दिवस आठ महिने होतात, हे आम्ही गावोगाव पाहतो. नवे कर्ज उशिरा मंजूर झाले तर ती रक्कम तीन टक्क्यांवर लटकते.

आणि कर्जमाफीची वाट पाहून हप्ता थांबवू नये. माफी २००८, २०१७ व २०१९ साली झाली. ज्यास मिळाली त्याचे भले झाले. परंतु विनापरवाना सावकाराचे देणे कोणत्याही माफीत बसत नाही, आणि आपल्या लोकांच्या मानेवर ओझे आहे ते बहुधा त्याचेच.

येथे कायद्याची चार वाक्ये. १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा कोर्टास दिली. परंतु आपला मुलूख तेव्हा निजामाचा असल्याने तो इकडे लागू नव्हता. आज महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा सर्वत्र लागू आहे. परवाना असलेल्या सावकारासही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला शेकडा ९ आणि विनातारण कर्जावर १२, तसेच इतरांकडून १५ व १८ यांहून अधिक व्याज घेता येत नाही. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा असून पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. सावकारीच्या व्यवहारात पंधरा वर्षांच्या आत गेलेली जमीन चौकशीअंती परत देवविण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकास आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी करावी. परंतु तेथे पहिला प्रश्न येतो: पुरावा काय? कोऱ्या कागदावर अंगठा देऊन, पावती न घेता पैसे दिले असतील तर काय दाखविणार? म्हणून दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. तो देत नसेल तर पैसे हातात न देता खात्यावर पाठवावे, म्हणजे बँकेचे पुस्तकच साक्षीदार होते. खरेदीखत करून देऊन ‘पैसे फेडलेस की जमीन उलटून देईन’ ह्या तोंडी वचनावर तर कधीच विसंबू नये.

कारागीर बंधूंस थोडे निराळे सांगणे आहे. बलुत्याच्या काळी सुतार-लोहारास वर्षाकाठी खळ्यावर धान्य मिळे. आज रोजचा पैसा येतो आणि रोज जातो. दुकानाचा गल्ला व घरचा डबा एक असू नये. रोज संध्याकाळी आपली मजुरी ठरवून तेवढीच घरी न्यावी, बाकीची मालासाठी राखावी. ज्याच्याकडून कच्चा माल उधार, त्याच्याकडूनच उचल, आणि त्यालाच तयार माल, असे ज्या विणकराचे किंवा चर्मकाराचे झाले, त्यास आपल्या हातांची किंमत सांगता येत नाही. हीच गत मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून, उसाला जाणाऱ्या जोडप्यांची. मुकादमाची उचल दिवाळीपूर्वी खर्च होते आणि कोयता फिरतो तो आधीच खाल्लेल्या पैशासाठी. उचल घेतलीच तर तिचा आकडा, तोडलेल्या उसाचे टन आणि वजा झालेली रक्कम स्वतः लिहून ठेवावी.

आता जे सांगतो ते पुरुषमंडळींनी नीट ऐकावे. कर्जाचा खरा आकडा तुम्ही बायकोस सांगत नाही. अब्रूचा प्रश्न वाटतो. मराठवाड्यात कर्जापायी जीव दिलेल्यांच्या किती घरी असे झाले, की धनी गेल्यावर दहाव्या दिवशी दारात एकेक येणेकरी उभा राहिला आणि त्या माउलीस प्रथमच कळले. आकडा दोघांस ठाऊक असता तर निम्मे ओझे वाटले गेले असते. मयताच्या कर्जाची जबाबदारी वारसावर येते ती त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. जामीन म्हणून सही केली नसेल तर विधवेच्या मजुरीवर कोणाचा हक्क पोचत नाही, हेही भगिनींनी लक्षात ठेवावे. आणि बचत गटातून किंवा फायनान्सकडून तुमच्या नावे काढलेले कर्ज घरात कोणी वापरले, ह्याचीही नोंद करा. हप्त्याच्या दिवशी उभे तुम्हांस राहावे लागते.

वही साधी दोनशे पानांची पुरे. डाव्या पानावर कोणाचे किती, व्याज महिन्याचे की वर्षाचे, मुद्दल किती उरले. उजव्या पानावर रोजचा खर्च, पुडी व चहासकट. पुढल्या बाजाराच्या दिवशी दुपारी आम्ही येथेच चावडीपुढे बसणार आहोत. वही घेऊन या. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या पोरीस बरोबर आणावे, सातबाऱ्याचा उतारा व बँकेचे पुस्तकही आणावे. व्याजाचे आकडे सर्वांदेखत मांडू. ज्यांस चारचौघांत आकडा सांगणे नको वाटेल त्यांनी दिवेलागणीस मागे थांबावे.