माळीणचा डोंगर आणि लेझरचे मोजमाप
३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. असे उतार लेझरच्या त्रिमितीय संवेदकाने वारंवार मोजता येतात. मात्र डोंगर सरकू लागतो तेव्हा ती हालचाल काही सेंटिमीटरांचीच असू शकते, आणि प्रकाश जाऊन परत येण्याची वेळ मोजताना एका नॅनोसेकंदाची चूक झाली तरी अंतर १५ सेंटिमीटरने चुकते. शंभर मोजण्यांची सरासरी घेतली, तर इकडेतिकडे विखुरलेली चूक दहापट घटते. मग सरासरीच वाढवत नेऊ, असे कोणी म्हणेल. पण उपकरणाच्या घड्याळातच ठरावीक फरक असेल, तर हजार मोजण्यांनीही तो जात नाही. त्यासाठी पक्क्या कातळावरच्या, अंतर ठाऊक असलेल्या खुणांशी ताळा घ्यावाच लागतो. शिवाय पावसाळ्यात गवत माजले की संवेदक जमिनीऐवजी गवतच मोजू लागतो, म्हणून पहिली मोजणी उन्हाळ्यातच व्हायला हवी.