जमीन नाही, त्यालाही मत



आपल्या दौलताबादचा किल्ला आपण रोज पाहतो. दिल्लीच्या महंमद तुघलक सुलतानाने १३२७ साली आपली राजधानी इथे आणली. दिल्लीच्या लोकांना घरेदारे सोडून इकडे यावे लागले. त्यांना कुणी विचारले का? नाही. राजाच्या मनात आले, रयतेने गाठोडे उचलले. पुढे कितीतरी राजे आले नि गेले. निजामाचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपले. तोवर राज्य कुणी करावे, हे आपल्या आज्या-पणज्याला कुणी विचारले नव्हते.

आज आपल्याला विचारतात. मतदान म्हणजे ते विचारणेच होय.

आता दूर अमेरिकेची गोष्ट ऐका. तिथे राजा नव्हता. लोक मत देऊन राज्य चालवीत. पण पहिल्याने बहुतेक ठिकाणी ज्याची जमीन, ज्याची मालमत्ता, त्यालाच मत. मजुराला मत नाही. पुढे एकेका राज्याने ही अट काढली. मग १८२८ साली अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष निवडून आला. हा चौदाव्या वर्षी पोरका झालेला. साधी माणसे म्हणाली, हा आपला माणूस! त्याने शपथ घेतली, त्या दिवशी सरकारी वाड्यात एवढी गर्दी शिरली की आतली भांडी फुटली.

पण हे मत गोऱ्या पुरुषांचेच. बायकांना मत नव्हते. काळी माणसे बहुतेक गुलाम होती. जॅक्सनच्या मळ्यावरही गुलाम राबत. आणि तिथले मूळ रहिवासी? त्यांच्या जमिनीवर गोऱ्यांचा डोळा होता. १८३० साली जॅक्सनने एका कायद्यावर सही केली. त्याच्या जोरावर त्या लोकांना वाडवडिलांच्या जमिनीवरून हाकलले. थंडीने, उपासाने, रोगाने वाटेत हजारो मेले.

लोकांचा लाडका पुढारी, मग असे कसे झाले? बघा, मत असलेल्यांचे त्याने ऐकले. मत नसलेल्यांची त्याला भीती नव्हती. ज्याच्या हाती मत नाही, त्याचे रानही त्याचे राहात नाही. तिथे बायकांना देशभर मत मिळायला १९२० साल उजाडले.

आपल्याकडे इंग्रजी मुलखातही सारा भरणाऱ्याला, शिकलेल्याला मत होते. गरिबाला नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे मागणी केली की प्रत्येक प्रौढ माणसाला मत द्या. पुढे २६ जानेवारी १९५० ला आपली राज्यघटना अमलात आली. जमीनदार नि मजूर, बाई नि पुरुष, सगळ्या जाती, सगळे धर्म, सर्वांना एकदमच मत मिळाले. तेव्हा वय एकवीस लागे. १९८९ पासून अठरा झाले.

पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली. बहुतेकांना वाचता येत नव्हते. म्हणून उमेदवारागणिक वेगळी पेटी ठेवली, पेटीवर चित्र लावले. पण एक गोष्ट मनाला लागते. देशातल्या सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावे यादीतून गाळावी लागली. का? त्यांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच लिहून दिले होते.

आम्ही मास्तरकीत असताना निवडणुकीच्या कामावर जात असू. एकदा एक म्हातारी आली. बरोबर मुलगा. तो म्हणाला, "गुरुजी, हिला काय कळतंय? मीच बटण दाबतो." आम्ही म्हटले, "बाबा, मत तिचे आहे." म्हातारी एकटी आडोशामागे गेली. बाहेर आली तेव्हा बोटाची शाई निरखत म्हणाली, "मला बी इचारलं सरकारनं!"

मंडळी, आता तुम्हाला वाचता येते. मतदारयादी लागली की स्वतः जाऊन आपले नाव वाचा. घरातल्या बायामाणसांचे वाचा. शेजारच्या गरिबाचेही वाचा. नाव नसले तर वेळेत अर्ज भरा. मत कुणाला दिले, ते सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही. पैसा, दारू, लुगडे घेऊन ते विकू नका.

किल्ल्यावरचा राजा गेला. आता विचारणारे सरकार आहे. उत्तर मात्र आपले आपणच द्यायचे.